कॅनडात कोणाच्या हातात काय? : वाचकांचे प्रश्न

ब्रॅम्प्टन, सरे, एडमंटन ही नावं आता कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूरच्या घरांत गोव्या-बेळगावइतकी सहज घेतली जातात. मुलं तिकडे आहेत, आणि टीव्हीवर गोळीबार, खंडणी, हेरगिरी, जामीन असे शब्द एकात एक मिसळून येतात. आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. उत्तरं वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवावा: ही गोष्ट नक्की कोणाच्या अखत्यारीत येते? ओटावातल्या संसदेच्या, प्रांताच्या, शहर पोलिसांच्या की गुप्तवार्ता संस्थेच्या? बहुतेक गोंधळ तिथेच सुटतो.

माझ्या बहिणीच्या सासरचं ब्रॅम्प्टनला दुकान आहे. त्यांना व्हॉट्सॲपवर खंडणीचा फोन आला. नंतर इकडे इचलकरंजीत आमच्याही नंबरवर धमकी आली. पैसे देऊन विषय मिटवावा, असं घरातले म्हणतात. — एक वाचक, इचलकरंजी

पैसे देऊ नका. दिल्यावर विषय मिटत नाही. ‘हे घर पैसे देतं’ एवढं समोरच्याला कळतं आणि आकडा वाढतो. घासाघीस करणं, ‘थोडे दिवस थांबा’ असं सांगणं हेही त्याच मापाचं. उत्तरच देऊ नये.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाबरून चॅट पुसून टाकणं. आधी पुरावा जपा, मग नंबर ब्लॉक करा. देशाच्या कोडसह पूर्ण नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आवाजी संदेश दुसऱ्या फोनवर कॉपी करा. दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, कारण बऱ्याच यंत्रांत काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण चढतं. गोळीबार झाला असेल तर काडतुसाच्या पुंगळ्यांना हात लावू नका आणि काच झाडू नका. धमकीचा व्हिडिओ समाजाच्या ग्रुपवर टाकणंही टाळा. खंडणीखोरांना भीती पसरायला हवीच असते.

तक्रार कोणाकडे? जिवाला तत्काळ धोका असेल तर 911, एरवी स्थानिक पोलिसांचा बिगर-तातडीचा नंबर. ब्रॅम्प्टन आणि मिसिसॉगा पील विभागीय पोलिसांकडे येतात. खंडणीसाठी त्यांनी डिसेंबर 2023मध्ये वेगळं पथक नेमलं. सरेमध्ये पूर्वी आरसीएमपी, म्हणजे कॅनडाचं केंद्रीय पोलीस दल होतं, पण 29 नोव्हेंबर 2024पासून जबाबदारी सरे पोलीस सर्व्हिसची आहे. ओळखीच्या खासदाराला फोन करून तपास हलत नाही. ओटावातल्या मंत्र्याला शहर पोलिसांचा तपास चालवता येत नाही.

इकडे तुमच्या नंबरवर आलेली धमकी हा भारतातला स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 308खाली जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173चा उल्लेख करा: घटना कुठेही घडली असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. हे राहून जातं आणि तक्रार अडकते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती तिकडच्या तपास अधिकाऱ्याला पाठवा, म्हणजे दोन्ही धागे जोडले जातील.

29 सप्टेंबर 2025 रोजी कॅनडाने बिश्नोई टोळीला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं, हे तुम्ही वाचलं असेल. याने टोळीची कॅनडातली मालमत्ता गोठवता येते, आणि जाणूनबुजून तिचे पैसे हाताळणं गुन्हा ठरतं. नुसतं सदस्य असणं मात्र तिथे गुन्हा नाही, आणि दुकानावर गोळी कोणी झाडली हे पोलिसांना सिद्ध करावंच लागतं. खंडणीला कमाल शिक्षा जन्मठेप आहे. कायदा कमजोर नाही; साक्षीदार पुढे येत नाहीत, ही खरी अडचण.

तिकडे आरोपी दोन दिवसांत जामिनावर बाहेर येतात, असं ऐकते. कायदाच तसा आहे का? — विधी शाखेची विद्यार्थिनी, राजारामपुरी

कॅनडाच्या 1982च्या हक्कांच्या सनदेत कलम 11(ई) आहे: योग्य कारण असल्याशिवाय वाजवी जामीन नाकारता येणार नाही. आपल्याकडचं ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे न्यायालयीन तत्त्व तिथे थेट संविधानात बसलं आहे. फौजदारी संहितेच्या कलम 515नुसार कोठडीची कारणं तीनच: आरोपी पळून जाईल, लोकांच्या सुरक्षेला धोका आहे, किंवा सोडल्याने न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडेल. अटक झाल्यावर 24 तासांत न्यायाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. सुनावणी पुढे ढकलायची तर आरोपीच्या संमतीशिवाय सलग तीन दिवसांहून जास्त नाही.

सर्वसाधारणपणे आरोपीला कोठडी का द्यावी, हे सरकारी वकिलाने पटवायचं असतं. काही गुन्ह्यांत हा भार उलटतो आणि मला का सोडावं, हे आरोपीला सांगावं लागतं. सगळं राजकारण या यादीभोवती फिरतं. 2019च्या सी-75 कायद्याने पोलीस आणि न्यायाधिकाऱ्यांना ‘शक्य तितक्या लवकर, शक्य तितक्या कमी अटींवर’ सोडण्याचं तत्त्व घालून दिलं. विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा रोख त्यावर आहे. मग सी-48 आला, 4 जानेवारी 2024पासून लागू झाला, आणि शस्त्र घेऊन वारंवार हिंसा करणाऱ्यांवर भार उलटवला. ऑक्टोबर 2025मध्ये पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या सरकारने सी-14 विधेयक मांडलं. त्यात घरफोडी, हिंसक वाहनचोरी, मानवी तस्करी आणि हिंसेसह खंडणी यांनाही तोच नियम लावायचा प्रस्ताव होता.

आमच्या मते या भांडणात एक गोष्ट मागे पडते. फौजदारी कायदा ओटावा लिहितं, पण 1867च्या संविधानानुसार न्यायदानाची यंत्रणा प्रांतांची. सरकारी वकील, जामिनाचे न्यायाधिकारी, कच्च्या कैद्यांचे तुरुंग हे सगळं प्रांतांकडे. प्रांतीय तुरुंगांत शिक्षा झालेल्यांपेक्षा खटल्याची वाट पाहणारेच जास्त आहेत. त्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2016च्या ‘जॉर्डन’ निकालाने कालमर्यादा घातली: प्रांतीय न्यायालयात 18 महिने, वरिष्ठ न्यायालयात 30 महिने. त्यापुढचा उशीर अवाजवी मानला जातो आणि अपवादात्मक कारण दाखवता आलं नाही तर खटलाच थांबतो. न्यायाधीश आणि खोल्या न वाढवता जामीन कडक केला, तर कोठडीत गर्दी वाढेल आणि काही खटले मुदत उलटून बंद पडतील. सर्किट बेंचसाठी इतकी वर्षं लढलेल्या कोल्हापूरकरांना, न्याय म्हणजे कायद्याइतकाच इमारत आणि माणसांचा प्रश्न असतो, हे वेगळं सांगायला नको.

जाता जाता पालकांसाठी: ‘तुमचा मुलगा कॅनडात अटकेत आहे, जामिनाचे पैसे लगेच पाठवा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा. तिथे बहुतेक वेळा रोख भरावीच लागत नाही. ओळखीचा जामीनदार रकमेची हमी देतो, आणि पैसे घेऊन जामीन राहण्याचा धंदा तिथे बेकायदा आहे. पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. फोन ठेवा, मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आणि त्याच्या रूममेटला लावा. पैसे गेलेच असतील तर तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

निज्जर प्रकरणात पुरावा होता तर कॅनडाच्या पंतप्रधानांनी तो भारताला का दिला नाही, आणि नव्हता तर संसदेत आरोप का केला? — निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. खलिस्तानवादी नेते हरदीपसिंग निज्जर यांची 18 जून 2023 रोजी सरेतल्या गुरुद्वाराच्या आवारात हत्या झाली. 18 सप्टेंबरला तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी संसदेत भारत सरकारच्या हस्तकांशी संभाव्य संबंधाचे ‘विश्वासार्ह आरोप’ असल्याचं म्हटलं. भारताने ते साफ फेटाळले. ऑक्टोबर 2024मध्ये परकीय हस्तक्षेपाच्या चौकशी आयोगासमोर ट्रूडो यांनीच सांगितलं की त्या वेळी हाती मुख्यतः गुप्तवार्ता होती, ठोस पुरावा नव्हता.

या दोन शब्दांतलं अंतर कॅनडाच्या सुरक्षा व्यवस्थेची जुनी जखम आहे. गुप्तवार्ता संस्था सीएसआयएस 1984मध्ये आरसीएमपीपासून वेगळी काढली. तिला अटकेचा अधिकार नाही. तिचं काम सरकारला सावध करणं. पोलिसांना मात्र न्यायालयात टिकेल असा पुरावा लागतो. आणि 1991च्या स्टिंचकोम निकालानुसार सरकारी पक्षाला हाती असलेली सगळी संबंधित माहिती आरोपीला दाखवावी लागते. गुप्तवार्ता पोलिसांना दिली की खबऱ्याचं नाव, ऐकण्याची पद्धत, मित्रदेशाने दिलेली माहिती उघड होण्याचा धोका येतो. म्हणून संस्था हात आखडते. काय दाखवायचं, काय झाकायचं याचा वाद पुरावा कायद्याच्या कलम 38खाली फेडरल कोर्टात वेगळा चालतो, आणि मूळ खटला ताटकळतो.

याची किंमत आपल्याच लोकांनी सगळ्यात जास्त मोजली आहे. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बने फुटलं, 329 जण गेले. बहुतेक कॅनडाचे नागरिक होते, भारतीय वंशाचे. सीएसआयएसने मुख्य संशयितावर पाळत ठेवली होती, पण त्याच्या संभाषणांच्या शेकडो टेप पुसल्या गेल्या. 2005मध्ये दोन आरोपी निर्दोष सुटले, शिक्षा झाली ती एकट्या इंदरजितसिंग रेयातला. 2010च्या न्यायमूर्ती मेजर आयोगाच्या अहवालाने दोन्ही यंत्रणांमधली ही दरी तपशिलाने मांडली. वेळेवर जपलेली टेप मिळाली असती तर, हा प्रश्न त्या कुटुंबांना आजही सोडत नाही.

म्हणून बातमी वाचताना क्रियापदाकडे पाहावं. ‘संस्थेचं आकलन आहे’ आणि ‘आरोप ठेवला’ यांत फार अंतर आहे. मे 2024मध्ये चार भारतीय नागरिकांवर निज्जर यांच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. त्याचा निवाडा पुराव्यावर होतो. जून 2024च्या सी-70 कायद्याने सीएसआयएसला आपली माहिती केंद्र सरकारबाहेर, म्हणजे प्रांत आणि विद्यापीठांनाही, देण्याची वाट थोडी मोकळी केली. न्यायालयातला अडथळा मात्र मूळचाच राहिला. ऑगस्ट 2025मध्ये दोन्ही देशांनी पुन्हा उच्चायुक्त नेमल्याने राजनैतिक संबंध पुढे सरकले, खटल्याशी त्याचा संबंध नाही.

कार्नींचं बहुमत नव्हतं, तरी सरकार चालतं. पक्षांतरबंदी नाही का? — कागल

नाही. 28 एप्रिल 2025च्या निवडणुकीत कार्नींच्या लिबरल पक्षाला 343पैकी 169 जागा मिळाल्या, बहुमताला 172 लागतात. खासदाराने पक्ष बदलला तरी जागा जात नाही. नोव्हेंबर 2025मध्ये नोव्हा स्कोशियाचे एक कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार सरळ लिबरल बाकावर जाऊन बसले. आपल्यासारखी दहावी अनुसूची तिथे नाही.

पुतण्या स्टडी परमिटवर ओंटारियोत आहे. दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला. वकील म्हणतो गुन्हा कबूल कर, हजार डॉलर दंडावर सुटशील. — जयसिंगपूर

कबुलीची सही करण्याआधी थांबा. पहिल्या गुन्ह्याला किमान दंड हजार डॉलर आहे, हे खरं. पण 18 डिसेंबर 2018पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली, आणि स्थलांतर कायद्याच्या कलम 36मध्ये कमाल शिक्षाच मोजतात, प्रत्यक्ष झालेली नाही. त्यामुळे दंड भरून सुटलेला मुलगाही ‘गंभीर गुन्हेगारी’च्या खान्यात पडतो आणि देश सोडायची वेळ येऊ शकते. कायम निवासी असलेल्यांनाही हेच लागू आहे.

किमान शिक्षा ठरलेली असल्याने दोषसिद्धी न नोंदवता सोडण्याची सवलतही या गुन्ह्यात मिळत नाही. म्हणून फौजदारी वकिलासोबत स्थलांतराचा वकील एकाच टेबलावर बसवा. चाचणी यंत्राच्या नोंदी, पहिली थांबवणूक, वकिलाशी बोलू दिलं का, हे तपासून प्रांताच्या वाहतूक कायद्याखालील ‘निष्काळजी वाहन चालवणे’ इथपर्यंत आरोप खाली येतो का, ते पाहतात. ती फौजदारी दोषसिद्धी नसते. फुंकून चाचणी द्यायला नकार दिला असेल तर तो वेगळा गुन्हा, किमान दंड दोन हजार.

वकील परवडत नसेल तर ओंटारियोच्या लीगल एडकडे उत्पन्नाचे कागद घेऊन अर्ज करावा. टोरंटोचा भारतीय वाणिज्य दूतावास भेट देऊ शकतो आणि वकिलांची यादी देतो, पण फी भरत नाही आणि सोडवूनही आणत नाही. मुलगा कोठडीत असेल तर दूतावासाला कळवा, असं त्याने स्वतः सांगावं लागतं. बाहेर असेल तर इथून ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा. पासपोर्ट क्रमांक, परमिटची प्रत आणि पुढच्या तारखेचा कागद हाताशी ठेवा. ती तारीख चुकवू नये. गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं आणि वर आणखी एक गुन्हा लागतो.