सही करण्याआधी घरच्यांसाठी काय मागून घ्यावं

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. चर्चच्या मदतसंस्थेत परदेशी नेमणूक झाल्याचं वाचून फार आनंद झाला. करार, नवऱ्याची नोकरी, मुलांच्या शाळा याबद्दल तू बरंच विचारलं आहेस आणि शेवटी लिहिलं आहेस, ‘देवाने बोलावलंय, तर घरचंही तोच बघेल.’ त्या एका ओळीमुळे हे पत्र लांबणार आहे.

देव बघतो, यावर माझा विश्वास आहे. पण चर्चच्या मदतकार्यात हे वाक्य फार लवकर पुढे केलं जातं. इतर नोकरीत वरिष्ठांना ‘आज जमणार नाही’ असं सांगता येतं. इथे तेच सांगताना आपण देवालाच नाही म्हणतोय की काय, असं वाटतं. समोर छावणीत माणसं रांगेत उभी असतात, मग मुलाचा ताप आणि नवऱ्याचं गप्प राहणं उद्यावर ढकललं जातं. बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वासच नाकारला, असं स्पष्ट बजावलं आहे. निरोपाच्या उपासनेत हे वचन सहसा कुणी वाचत नाही. तू घरी वाच, नवऱ्याबरोबर.

आता कराराचं. नेमणुकीची जागा कुटुंबासह राहण्याची आहे की एकटीने, हे लेखी घे. धोक्याच्या ठिकाणी बहुतेक संस्था घरच्यांना येऊ देत नाहीत. काही आठवड्यांच्या कामानंतर विश्रांतीची रजा देतात. परिस्थिती बिघडली आणि मध्येच तुमची जागा ‘कुटुंबाविना’ ठरली, तर मुलं कुठे राहणार, भाडं कोण भरणार, हेही आधीच विचार. मागणं जास्त होतंय असं वाटू देऊ नकोस.

नवऱ्याबद्दल मला जास्त काळजी आहे. सोबत आलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर पुष्कळ देशांत नोकरी करता येत नाही. तुला पहिल्या दिवसापासून काम, सहकारी, गाडी, ओळख. त्याला रिकामं घर आणि न कळणारी भाषा. आणि रिकामा दिसणारा माणूस संस्थेला लगेच दिसतो. गोदामाची यादी कर, पाहुण्यांना विमानतळावरून आण, मुख्यालयातून आलेल्यांना जेवायला घाल. पाहुणे मुलांच्या खोलीत झोपतात आणि मुलं बैठकीत. हे सगळं प्रेमाने होतं, म्हणूनच कुणी मोजत नाही. मेनोनाइट सेंट्रल कमिटी ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची संस्था १९२० पासून मदतकार्यात आहे; तिथे एखाद्या देशातल्या कामाच्या प्रमुखाचं, म्हणजे प्रतिनिधीचं पद नवराबायकोला मिळून दिल्याची उदाहरणं आहेत. तुझ्या संस्थेत तशी सोय नसेल, तर निदान त्याच्या भाषाशिक्षणाचा खर्च मागून घे. पहिले काही महिने भाषा शिकणं हेच त्याचं काम, असं घरात ठरवा.

लसी आणि गोळ्यांचं फार लिहीत नाही, डॉक्टर सांगतीलच. फक्त पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. तिचा दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो (२०१६ पासून तो आयुष्यभर चालतो). मलेरियासाठीच्या मेफ्लोक्विन या गोळीने काहींना वाईट स्वप्नं पडतात, मन उदास होतं. घरात कुणाला आधी असा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मुलं. आम्ही असताना रोज संध्याकाळी सुरक्षेसाठी रेडिओवर हजेरी व्हायची. वॉकीटॉकी जेवणाच्या टेबलावरच असायचा. खरखर सुरू झाली की माझा धाकटा घास तोंडात तसाच धरून बसायचा. प्रत्येक गाडीचं सांकेतिक नाव त्याला पाठ होतं आणि एखाद्या गाडीकडून उत्तर आलं नाही, तर माझ्याआधी त्याच्या लक्षात यायचं. तेव्हा त्याला ‘काही नाही, जेव तू’ असं म्हणून चालत नाही. कोण कुठे अडकलंय, आपण काय करतोय, हे त्याच्या वयाला पेलेल एवढं खरं सांगावं लागतं. मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

सर्वांत अवघड प्रश्न येतो तो लोकांना हलवण्याच्या वेळी. गोळीबार सुरू झाला की परदेशी कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं विमानाने निघतात, स्थानिक सहकारी बहुधा मागे राहतात. ज्या ड्रायव्हरकाकांच्या मुलीबरोबर तुझी मुलं रोज खेळतात, ती विमानात का नाही, असं ती विचारतील. याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही आणि ते असल्याचं नाटक करू नये, असं मला वाटतं. संस्थेला मात्र आधीच विचार, की अशा वेळी स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी काय योजना आहे. आगाऊ पगार, सुरक्षित गावी जाण्याची सोय, काय ते. त्यावरून संस्था कळते.

मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांना, पाठवायच्या प्रार्थनापत्राबद्दल एक हट्टाने सांगते. त्यात मुलांचे फोटो आणि गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय घालू नकोस. देणगीदारांना कुटुंब बघायला आवडतं, ते स्वाभाविक आहे. पण मोठ्या लेकीचं रडणं निधी जमवण्यासाठी नाही. तिने नाही म्हटलं, तर तिथेच थांब.

शेजारी तुमच्या श्रद्धेबद्दल विचारतील, मुलांनाही विचारतील. मदतकार्याची १९९४ ची आचारसंहिता मदत धर्म न बघता द्यायला सांगते आणि त्या मदतीचा वापर एखादं धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करू नये, असंही सांगते. ती तयार करणाऱ्यांत कारितास इंटरनॅशनालिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या, म्हणजे हा नियम आपल्यावर बाहेरून लादलेला नाही. रविवारी उपासनेला जा, विचारलं तर मोकळेपणाने बोला. फक्त धान्याच्या पोत्याशी त्या बोलण्याचा संबंध जोडला जाऊ नये, एवढं मुलांनाही समजावून ठेव.

परतीचं आताच लिहिते, कारण तेव्हा कुणी विचारत नाही. १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना रूथ युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी आईवडिलांच्या कामामुळे परदेशात वाढणाऱ्या मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’ (तिसऱ्या संस्कृतीची मुलं) हे नाव दिलं. आईवडिलांच्या देशात परतल्यावर त्यांना परकं वाटतं आणि घरचे म्हणतात, ‘आता तर आपल्या घरी आलात!’ परतल्यानंतर निदान एक शालेय सत्र तू नवीन जबाबदारी घेऊ नयेस. हेही करारात बसतंय का ते बघ. सुट्टीत मंडळ्यांमधून फिरून भाषणं द्यावी लागतात, ते दिवस विश्रांतीचे धरू देऊ नकोस.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. आणि नवऱ्याला सांग, त्याचे प्रश्न त्याने स्वतः, तुला न दाखवता, मला लिहावेत. मोठीला लिहायचं असेल तर तिनेही.

तुझी,
मावशी