टॅबवरचे न बोलावलेले पाहुणे

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रांचं रडगाणं एकच आहे, टॅब चांगला आहे पण स्क्रीनवर आपण न मागवलेली चित्रं येऊन बसतात, काढली तरी परत येतात. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवले. अमळनेरच्या बाईंचं पत्र सगळ्यात सविस्तर, ते आधी घेतो.

प्रश्न (अमळनेर, निवृत्त शिक्षिका) : मुलाने दिवाळीला टॅब पाठवला. माझी कामं तीनच, पुण्यातल्या नातीला व्हिडिओ कॉल, कीर्तन ऐकणं आणि पेपर वाचणं. पण पहिल्याच पानावर ३२ चित्रं आहेत, मी मोजली. त्यात तीन गेम, एक खरेदीचं, एक चक्क पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्याचं. मी बोटाने धरून वर नेऊन सोडते, ते जातं, पण स्क्रीन खालून वर सरकवली की तिथे तेच चित्र बसलेलं. शिवाय एक ओळ आहे, तिच्यातली चित्रं रोज बदलतात. शेजारचा पोरगा म्हणतो आजी रिसेट मारून टाका. मारू का?

उत्तर : रिसेट अजिबात मारू नका बाई. बॅकअप घेतलेला नसेल तर फोटो, नंबर सगळं जाईल, आणि कारखान्यातून भरून आलेलं जे आहे ते मात्र जसंच्या तसं परत उभं राहील, वरून टॅब नव्याने चालू करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलात तर आणखी पाच-सहा येतील. बऱ्याच टॅबवर सुरुवातीलाच 'ही ॲप पण घ्या' अशी एक यादी येते आणि तिच्यातल्या चौकटींवर आधीच टिक मारलेली असते, आपल्याला वाटतं काहीतरी जरुरीचं असेल म्हणून आपण पुढे जातो. तुमच्याकडचे ते तीन गेम बहुतेक असेच आत आलेत.

तुमच्या पत्रात खरं म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. एक आयकॉन म्हणजे नुसतं चित्र, दुसरं खुद्द ॲप, तिसरं सजेशन, म्हणजे टॅबने स्वतःहून सुचवलेलं. दिसायला तिन्ही एकसारखे गोल गोल, पण काढायचे रस्ते वेगळे. शेतातली हरळी आठवा, वरचं पातं ओढलं की लगेच हातात येतं, वाफा स्वच्छ दिसतो आणि एका पाण्यात परत हिरवा. चित्र ओढून 'रिमूव्ह'वर सोडलं म्हणजे पातं तोडलं, ॲप आत तसंच आहे, जागा खातंय, नोटिफिकेशन पाठवतंय. मुळासकट काढायचं असेल तर चित्र दाबून धरल्यावर 'अनइन्स्टॉल' दिसतं का बघा, तो शब्द दिसला तर तेच दाबायचं, रिमूव्ह नाही.

एकेक करत बसायचा कंटाळा आला तर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात आपला गोल फोटो असतो त्यावर दाबा, मग मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस, तिथे मॅनेज. सगळी यादी समोर येते, कमी वापरलेली आधी अशी लावता पण येते. नको त्यांच्यावर टिक मारा, वरची कचरापेटी दाबा, एका दमात दहा गेली. कर्ज देणाऱ्यापासून सुरुवात करा, ते उघडून पण बघू नका, अशी ॲप आधी आपले कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागतात आणि नंतर त्याच नंबरांवर फोन करून लोकांना छळल्याची प्रकरणं पुष्कळ झालीत.

आता काही चित्रं अशी निघतील की त्यांच्यावर अनइन्स्टॉल येतच नाही. त्यांच्यासाठी सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, आणि तिथे 'डिसेबल'. डिसेबल केलं की ॲप झोपतं, यादीतून जातं, चालत नाही, अपडेट घेत नाही, आणि हवं झालं तर तिथूनच परत उठवता येतं. पण इथे हात जरा सांभाळून. गूगल प्ले सर्व्हिसेस, सिस्टीम यूआय, वेबव्ह्यू, कीबोर्ड असल्या नावांना हात लावायचा नाही. मी एकदा उत्साहाच्या भरात माझ्या मावशीच्या टॅबवरचा कीबोर्डच डिसेबल केला, 'आपल्याला मराठीचा वेगळा आहेच की' म्हणून, आणि तो वेगळा काही चालू झालेला नव्हता. वायफायचा पासवर्ड टाकायचा तर अक्षरंच नाहीत. अर्धा तास सेटिंग्जच्या याद्या चाळून तो परत सापडला, तोवर मावशीने चहा पण दिला नाही. साधा नियम, नाव ओळखीचं नसेल तर राहू द्या.

राहिली ती रोज बदलणारी ओळ. तिच्यात दोन जाती असतात. एक जात तुमच्याच टॅबवरच्या ॲपची, सकाळी कीर्तन लावता म्हणून सकाळी ते पुढे येतं, दुपारी पेपर. ती जाहिरात नव्हे, टॅब आपला अंदाज बांधतो. दुसरी जात म्हणजे तुमच्याकडे नसलेलं ॲप, त्यावर दाबलं की थेट स्टोअर उघडतं, डाउनलोड करा म्हणतं. ती जाहिरात. दोन्ही नुसती सुचवलेली चित्रं, म्हणून कितीही ओढा, जाणार नाहीत. त्यांचं बटण होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये असतं. स्क्रीनवरच्या रिकाम्या जागेवर बोट दाबून धरा, होम सेटिंग्ज किंवा नुसतं सेटिंग्ज येईल, आत 'सजेशन्स' नावाचं जे जे दिसेल ते बंद करा.

टॅब कोणत्या कंपनीचा ते तुम्ही लिहिलंच नाही, म्हणून नेहमीचे दोन सांगतो. सॅमसंग असेल तर रिकामी जागा दाबून सेटिंग्ज, तिथे नवीन ॲप होम स्क्रीनवर आपोआप आणायचं बटण आहे, ते बंद. खालच्या पट्टीत चित्रं बदलत असतील तर मोठ्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, टास्कबार, तिथे रीसेंट ॲप्स बंद. शाओमीचा असेल तर फोल्डर उघडून त्याच्या नावावर दाबा, 'प्रमोटेड ॲप्स' किंवा 'टुडेज ॲप्स' असं बटण दिसलं तर बंद, हे प्रत्येक फोल्डरला वेगळं करावं लागतं, ही एक कटकटच आहे. त्याशिवाय पासवर्ड्स अँड सिक्युरिटीमध्ये ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन म्हणून पान असतं, तिथे 'एमएसए' नाव शोधा, जाहिराती आणणारा तोच. बंद करायला गेलं की दहा सेकंद थांबवतो आणि कधी कधी 'जमलं नाही' म्हणतो, तरी परत दाबायचं, दोन-तीन वेळा केल्यावर ऐकतो.

आणि डावीकडून सरकवल्यावर बातम्यांचं पान येत असेल, कोणत्या नटीचं लग्न वगैरे, तर ते पण याच होम सेटिंग्जमध्ये बंद होतं. सॅमसंगवर रिकामी जागा दाबून धरल्यावर सगळ्यात डावीकडच्या पानापर्यंत जा, त्या पानाच्या वरच बटण असतं.

प्रश्न (भुसावळ, रेल्वेतून निवृत्त) : पैसे मी मोजले, बिल माझ्या नावावर, मग त्यांचं ॲप माझ्या टॅबवरून मला का काढता येऊ नये? हा काय न्याय झाला? डिसेबल करून जागा तरी मोकळी होते का?

उत्तर : आप्पा, तुमचा संताप एकदम रास्त आहे. टॅबच्या मेमरीचा एक तुकडा कारखान्यातच कुलूप लावून येतो, सिस्टीमचा. तिथे फक्त वाचता येतं, लिहिता-खोडता येत नाही. कंपनीने स्वतःची ॲप त्या कुलपाच्या आत ठेवलेली असतात, म्हणून अनइन्स्टॉलचा शब्दच दिसत नाही. हे कुलूप सुरक्षेसाठी आहे हे पण खरं, व्हायरसला पण तिथे लिहिता येत नाही, पण त्याच कुलपाआड बाकीचा मालसुद्धा ठेवून दिलाय. म्हणून डिसेबल केल्यावर जागा थोडीच सुटते, त्या ॲपने नंतर घेतलेले अपडेट आणि जमवलेला डेटा तेवढा जातो, मूळ प्रत कुलपातच राहते. फायदा जागेचा कमी आणि शांततेचा जास्त.

आधीपासून ॲप भरून ठेवायला दुसऱ्या कंपन्या टॅब बनवणाऱ्याला पैसे देतात, स्वस्तातल्या टॅबवर गर्दी जास्त असते त्याचं एक कारण हे. तुमच्यासारखा प्रश्न दिल्लीपर्यंत गेलेला आहे बरं का. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, त्यात एक मुद्दा हाच होता की फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप अख्ख्या गठ्ठ्याने घालायला लावतात. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाची रक्कम कायम ठेवली. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, गूगलने जाहीर केलं की भारतात कंपन्यांना एकेक ॲप सुटं घेता येईल. तुमच्या हातातल्या टॅबवर मात्र त्याने आज काही फरक पडणार नाही, तिथे डिसेबलवरच भागवायचं.

प्रश्न (रावेर तालुका, केळी बागायतदार) : भाऊ, टॅबवर कुठलंही ॲप उघडा, मध्येच पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येते, बंद करायची फुली पण सापडत नाही. केळीचे भाव बघायला उघडावं तर जाहिरात आधी. होम स्क्रीनवर एक नवीन चित्र आलं होतं ते दुसऱ्या दिवशी आपोआप गायब झालं. पोरगं म्हणे हाई काय शे, कोणी हॅक तं नाही केला ना भो?

उत्तर : चित्र आलं आणि स्वतःहून गायब झालं, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण बाईंच्या पत्रातला त्रास आणि हा त्रास यात तिथेच फरक आहे. ते कंपनीचं होतं, तुमच्याकडे बाहेरून काहीतरी शिरलंय. असली ॲप आपलं चित्र लपवतात म्हणजे तुम्ही काढायला जाल तर सापडायला नको.

पकडायची एक युक्ती आहे. जाहिरात स्क्रीनवर असतानाच उघडलेली सगळी ॲप दाखवणारं रीसेंटचं बटण दाबा, ती जाहिरात कोणत्या नावाच्या चौकटीत आहे ते दिसतं. नाव कधी कधी अगदी साधं असतं, 'क्लीनर', 'फाइल', किंवा नावाच्या जागी नुसतं कोरं. दुसरीकडून पण बघा, सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात स्पेशल ॲक्सेस, तिथे 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स'. दुसऱ्याच्या डोक्यावर बसायची परवानगी कोणाकोणाला दिलीय त्याची ती यादी. टॉर्चच्या किंवा वॉलपेपरच्या ॲपला असली परवानगी कशाला लागते?

काढायला गेल्यावर जाहिरात मध्ये मध्ये येऊन काढूच देत नसेल तर सेफ मोड. पॉवरचं बटण दाबून मेनू आणा, त्यातल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरा, बऱ्याच टॅबवर सेफ मोडचं विचारतं, हो म्हणा. त्या मोडमध्ये आपण बाहेरून टाकलेलं काहीच चालत नाही, म्हणजे ते ॲप झोपलेलं असतं, तेव्हा सेटिंग्जच्या ॲप्समध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा. अनइन्स्टॉलचं बटण फिकं दिसत असेल तर त्याने स्वतःला ॲडमिन, म्हणजे टॅबचा कारभारी, करून घेतलंय, सिक्युरिटीमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' उघडून त्याची टिक काढा, मग जातं. नंतर टॅब साधा रीस्टार्ट.

आता जरा आठवून बघा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेली शेवटी एपीके लिहिलेली फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी, उघडली होती का? पीएम किसानची यादी, चलन, लग्नाची पत्रिका, असल्या नावाने फिरतात, आणि गावचा ग्रुप म्हटल्यावर माणूस बिनधास्त दाबतो. सरकारी यादी अशी एपीकेमध्ये येत नाही. तसं काही उघडलं असेल आणि त्याला मेसेज वाचायची परवानगी दिली गेली असेल तर जाहिरात हा छोटा त्रास समजा, ओटीपी पण तिकडे जाऊ शकतो. सिमकार्ड त्याच टॅबमध्ये असेल तर आधी ते काढा, बँकेत सांगा, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

प्रश्न (शिरपूर, कॉलेज विद्यार्थिनी) : माझ्याकडे दादाचा जुना आयपॅड आहे. खाली डॉकमध्ये उजव्या बाजूला मी न ठेवलेली तीन ॲप येतात. घालवू कशी?

उत्तर : सेटिंग्ज, 'होम स्क्रीन अँड ॲप लायब्ररी', त्यात डॉकमध्ये सजेस्टेड आणि रीसेंट ॲप दाखवायचं बटण, ते बंद. आयपॅडची सिस्टीम जुनी असेल तर त्या पानाचं नाव 'होम स्क्रीन अँड डॉक' असं दिसेल. नवीन ॲप होम स्क्रीनवर नको, नुसतं लायब्ररीत जावं असं पण त्याच पानावर ठरवता येतं. आणि आयपॅडवर चित्र काढताना तो 'डिलीट ॲप' की 'रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन' असं स्पष्ट विचारतो, घाईत दुसरं दाबलं जातं एवढंच.

प्रश्न (चाळीसगाव, गृहिणी) : मी सगळी चित्रं नीट लावते, पण सासूबाई बिबडे करता करता टॅबवर रेसिपी लावतात, ओल्या हाताने कुठे दाबतं काय माहीत, संध्याकाळी कॉलचं चित्र गायब आणि घड्याळ तीन ठिकाणी.

उत्तर : ताई, ओलं बोट स्क्रीनवर टेकून राहिलं की टॅबला वाटतं दाबून धरलंय, मग चित्र उचललं जातं आणि सरकतं. रिकामी जागा दाबून होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये 'लॉक होम स्क्रीन लेआउट' शोधा. सॅमसंगवर नक्की आहे, बाकी बऱ्याच टॅबवर याच नावाने किंवा थोड्या फरकाने मिळतं. चालू केलं की कोणी काही हलवू शकत नाही, तुम्ही पण नाही, तेव्हा काही बदलायचं असेल तर आधी तिथेच जाऊन लॉक काढायचं. हरवलेलं कॉलचं चित्र खालून वर सरकवून सापडेल, दाबून धरा आणि परत बाहेर आणा. दोन जादा घड्याळं तेवढी आधी काढून घ्या, नाहीतर ती पण लॉक होतील.