उपनगरातल्या 24 मीटर रस्त्यावर रुंद फुटपाथ आणि सायकल ट्रॅक केला तर ट्रॅफिक तुंबेल का? नागरिकांनी काय सूचना द्याव्यात?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की पुण्यात उपनगरात तुमच्या सोसायटीसमोरून 24 मीटरचा डीपी रोड (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) जातो, तिथे रुंद फुटपाथ आणि सायकल ट्रॅक करायचं घाटतंय, दुकानदार म्हणतायत रस्ता बारीक होणार आणि ट्रॅफिक तुंबणार, आणि तुम्हाला ठरवता येत नाहीये की पाठिंबा द्यावा की विरोध करावा. मी इंजिनिअर नाही, पण आमच्या भागातल्या अशाच एका रस्त्यासाठी बरीच वर्षं टेप घेऊन फिरलोय, मीटिंगांना बसलोय, ड्रॉइंग मागून मागून वाचायला शिकलोय, त्यातून जे कळलं ते लिहितो.

पाठिंबा किंवा विरोध ठरवायच्या आधी एक काम करा. रविवारी सकाळी लवकर, गाड्या कमी असताना, तीस मीटरची टेप घेऊन तुमच्या रस्त्याची सगळ्यात अरुंद जागा शोधा. कागदावर 24 मीटर असलेला रस्ता जमिनीवर सगळीकडे 24 नसतोच, कुठे एखाद्या जुन्या बंगल्याची भिंत पुढे आलेली असते, कुठे भूसंपादन अडकलेलं असतं, कुठे ओढ्यावरचा पूल जुनाच असतो. आमच्याकडे पुलाजवळ गाड्यांसाठी जेमतेम 11 मीटर होते आणि पुढे दोनशे मीटरवर एकदम 18. लोकांना वाटायचं 18 मीटरचा भाग म्हणजे चांगला रस्ता, फक्त पूल मोठा झाला की सुटलो. पण नीट बघा, जेवढी वाहनं त्या 11 मीटरमधून बाहेर पडतात तेवढीच पुढे येणार ना, मग पुढच्या जास्तीच्या 7 मीटरमधून जास्त ट्रॅफिक कुठून जाणार? तिथे होतं काय, तर गाड्या लागतात, मग दुसऱ्या रांगेत टेम्पो उभा राहतो, आणि पुन्हा अरुंद जागा आली की सगळे एकमेकांच्या अंगावर. म्हणजे ती जास्तीची रुंदी वाहतुकीला मिळतच नाही. ती पार्किंगला मिळते, तेही फुकटात.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे, की वाहनांचा भाग सगळीकडे एकसारखा ठेवला, अरुंद जागा आणि चौक जेवढं सोडतात तेवढाच, आणि उरलेली जागा चालणाऱ्यांना, झाडांना, बस स्टॉपला, सायकलला दिली, तर ट्रॅफिक तुंबत नाही. तुंबतं ते चौकात. सिग्नल लाल असतो तेव्हा मधला रस्ता कितीही रुंद असला तरी तुम्ही उभेच असता. म्हणून दुकानदारांशी बोलताना रस्ता किती मीटरने कमी होणार यावर भांडत बसू नका, त्यांना टेप घेऊन त्या अरुंद जागेपाशी न्या. आमच्या इथल्या हार्डवेअरवाल्या काकांना मी असाच घेऊन गेलो होतो, ते दहा मिनिटं काही बोलले नाहीत, नुसते गाड्या बघत उभे राहिले, आणि मग म्हणाले, "म्हणजे आमच्या दुकानासमोरची जागा नुसतीच सांडलेली आहे." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

आता 24 मीटरमध्ये काय बसतं ते बघा. मध्ये 1 मीटरचा डिव्हायडर धरा. राहिले दोन्ही बाजूंना साडेअकरा-साडेअकरा. त्यात साडेपाच मीटर वाहनांना, म्हणजे बस आणि तिच्या शेजारून कार किंवा टू-व्हीलर निघते. मग 2 मीटरचा पट्टा झाडं, दिव्याचे खांब, विजेचे डीपी बॉक्स, बस स्टॉप आणि जिथे जमेल तिथे पार्किंग यांच्यासाठी. मग 2 मीटर सायकल. मग 2 मीटर चालायला. बेरीज बरोबर 24 होते. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निवासी भागात मोकळी चालायची जागा किमान 1.8 मीटर आणि दुकानांच्या भागात 2.5 मीटर सांगितलीय, आणि फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको असंही म्हटलंय. म्हणजे तुमच्याकडे सलग दुकानं असतील तर 2 मीटर पुरणार नाही, अर्धा मीटर कुठून तरी काढावा लागेल. इथेच खरा निर्णय असतो आणि इथेच सगळे गप्प बसतात. माझं मत विचाराल तर तो अर्धा मीटर त्या पट्ट्यातल्या पार्किंगच्या जागेतून काढा, चालायच्या जागेतून आणि झाडांच्या जागेतून नको.

ही "मोकळी" जागा म्हणजे काय तेही समजून घ्या, कारण फसवणूक तिथेच होते. ड्रॉइंगमध्ये फुटपाथ 3 मीटर लिहिलेला असतो, पण त्यात झाड, खांब, डीपी बॉक्स, दुकानाच्या पायऱ्या, जाहिरातीचा बोर्ड सगळं आलेलं असतं, आणि माणसाला चालायला उरते एक फरशी. ड्रॉइंग हातात आलं की पेन घ्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटपाथवरून एक रेघ न उचलता ओढून बघा, जिथे पेन उचलावं लागेल तिथे माणूस रस्त्यावर उतरणार.

माझ्या आईचे गुडघे दुखतात. आमच्या रस्त्यावरचा आधीचा फुटपाथ जवळजवळ फूटभर उंच होता आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तोडून खाली उतरवलेला. घरापासून मेडिकलपर्यंत 400 मीटर, त्यात मी एकदा तिच्याबरोबर चालताना मोजलं, 17 गेटं. म्हणजे 17 वेळा उतरायचं आणि 17 वेळा चढायचं, दर वेळी हात धरायला काहीतरी शोधायचं. तिसऱ्या गेटनंतर ती सरळ रस्त्यावरून चालायला लागली, आणि मागून पाण्याचा टँकर हॉर्न देत आला. तेव्हापासून मला कोणी म्हटलं की लोकं फुटपाथ वापरतच नाहीत मग बांधायचा कशाला, की मला ती 17 गेटं आठवतात. उपाय फार साधा आहे, गेटपाशी फुटपाथ आहे त्या उंचीवर सलग पुढे न्यायचा आणि गाडीने छोट्या रॅम्पवरून चढून यायचं. रॅम्प झाडांच्या पट्ट्यात बसवायचा, चालायच्या किंवा सायकलच्या पट्ट्यात नाही. गाडीला चढायला इंजिन आहे, आईला नाही. ही एक गोष्ट जरी तुम्ही ड्रॉइंगमध्ये घालून घेतलीत तरी रस्ता बदलेल.

सायकल ट्रॅकबद्दल थोडं वेगळं सांगतो, कदाचित सायकलवाल्यांना आवडणार नाही, मी स्वतः रोज सायकल चालवतो तरी सांगतो. ट्रॅक आधी मागू नका, चौक आधी मागा. पुण्यात 2006 मध्ये बीआरटी, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी लेन, आली तेव्हा सातारा रोडच्या बाजूने सायकल ट्रॅकही झाले, पण ते तुकड्यातुकड्यात राहिले, मध्येच खांब, मध्येच स्टॉप, चौक आला की ट्रॅक गायब, आणि नेमकं चौकातच सायकलवाल्याला गाड्यांची जास्त भीती असते. 2017 मध्ये मंजूर झालेल्या शहराच्या सायकल आराखड्यात सलग जाळ्याचा विचार आहे तो त्याचसाठी. तुमच्या रस्त्यावर दर वीस-पंचवीस मीटरला गेट असेल आणि दुकानांची दाटी असेल, तर 2 मीटरच्या ट्रॅकवर संध्याकाळी टू-व्हीलरच लागणार हे मी लिहून देतो. अशा ठिकाणी गाड्यांचा वेगच तीसवर आणून सायकल त्यांच्याबरोबर चालू दिली तर जास्त चालते. उलट तुमच्या रस्त्याची एक बाजू शाळेची लांब भिंत किंवा नाला असेल, गेटं कमी असतील, तर त्या बाजूला ट्रॅक झकास होतो आणि पोरं खरंच वापरतात.

वेगाचं एवढं का म्हणतो, तर 50 च्या वेगाने आलेल्या गाडीच्या धडकेत 30 च्या गाडीपेक्षा पावणेतीन पटीहून जास्त जोर असतो, हे शाळेतलं गणित आहे, वेगाचा वर्ग. आणि बोर्ड लावून वेग कमी होत नाही, रस्त्याच्या आकाराने होतो. चौकातला कोपरा मोठा गोल केला की गाडी ब्रेक न लावता डावीकडे वळते, तोच कोपरा आवळून 5-6 मीटर त्रिज्येचा केला की तिला हळू व्हावंच लागतं, आणि रस्ता ओलांडायचं अंतरही कमी होतं. ओलांडायचं गणितही करून बघा. माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरून सिग्नल लावतात, म्हणजे 18 मीटर ओलांडायला 15 सेकंद. माझी आई 0.8 ने चालते, तिला 22 सेकंदांहून जास्त लागतात, तेवढा वेळ दिला नाही तर ती मध्येच अडकते. साडेपाच मीटर, मग डिव्हायडरवर थांबायला जागा, मग पुन्हा साडेपाच मीटर असं केलं तर एका वेळी सातच सेकंद. पण त्यासाठी झेब्रापाशी डिव्हायडर दीड-दोन मीटर रुंद हवा, नाहीतर हातातली पिशवी किंवा बाबागाडी रस्त्यात येते. चौक सोडून मध्ये कुठे लोकं ओलांडतात तेही बघून ठेवा, बस स्टॉप, शाळा, मंदिर, भाजीवाले, तिथे फुटपाथच्या उंचीला आणलेलं टेबलटॉप क्रॉसिंग मागा. एक मात्र लक्षात ठेवा, टेबलटॉपच्या चढाच्या बाजूला पावसाळी चेंबर नसेल तर पहिल्याच पावसात तळं साचतं आणि मग लोकं म्हणतात हे फुटपाथवाल्यांनी केलं.

जमिनीखालचं काम हा विषय कंटाळवाणा वाटतो पण सगळं त्यावर अडतं. आमच्याकडे नवीन पेव्हर ब्लॉक बसवून तीन महिने झाले नाहीत तोवर केबलसाठी पुन्हा खोदलं, आणि ब्लॉक परत बसवले ते लाटांसारखे. त्यामुळे आधी विचारा की डक्ट, म्हणजे केबल ओढायला जमिनीखालचे पाइप, टाकणार आहात का, पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन बदलायची आहे का, असेल तर आत्ताच बदला.

दुकानदारांचं पार्किंग. ते पूर्ण चुकीचे नसतात, माल उतरवायला जागा लागते, ती ठरावीक वेळेला ठरावीक ठिकाणी दिलीच पाहिजे. पण एका कारला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते आणि ती बहुतेक वेळा दुकानदाराची स्वतःचीच कार असते, सकाळी लावली की रात्री हलणार. दोन संध्याकाळी बसून फक्त एवढंच लिहा की दुकानात शिरलेलं माणूस चालत आलं, टू-व्हीलरवर आलं की कारने. आकडे त्यांच्यासमोर त्यांच्याच मुलाला मोजायला लावा, मग वाद कमी होतो. हातगाडीवाल्यांनाही त्या मीटिंगला बोलवा, 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्क आहेत, आणि ड्रॉइंगमध्ये त्यांची जागा दाखवली नाही तर ते चालायच्या पट्ट्यातच उभे राहणार, दुसरं करणार काय.

ट्रायल नक्की मागा. औंधला 2016 मध्ये कायमचं काम करायच्या आधी तात्पुरते बॅरिकेड लावून फुटपाथ रुंद करून दाखवला होता. लोकं त्यावरून चालली, बोलली, काही चिडलीही. कागदावर ज्याला शंभर शंका असतात त्याला प्रत्यक्ष चालल्यावर दोनच राहतात, आणि त्या दोन खऱ्या असतात.

कधी आणि कुठे बोलायचं, तर वर्क ऑर्डर निघायच्या आधी. एकदा ठेकेदार आला की प्रत्येक गोष्टीला "इस्टिमेटमध्ये नाही" हेच उत्तर मिळतं. आत्ताच क्षेत्रीय कार्यालयात जा आणि रस्त्याचं क्रॉस सेक्शनचं ड्रॉइंग (म्हणजे रस्ता आडवा कापला तर कुठल्या पट्ट्याला किती रुंदी ते दाखवणारं) मागा, एक नाही, किमान पाच ठिकाणचं, त्यात अरुंद जागेचं आणि प्रत्येक चौकाचं हवंच. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. पुण्यात 2006 पासून नागरिकांना बजेटमध्ये कामं सुचवता येतात, त्याचे फॉर्म निघतात तेव्हा भरा, क्रॉसिंग, बेंच, गेटपाशी फुटपाथ सलग करणं अशी छोटी कामं त्यातून होतात. पत्र लिहाल तेव्हा शहराच्या 2016 च्या पादचारी धोरणाचा उल्लेख करा, आणि 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फुटपाथ हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय त्याचाही करा. आमच्या पत्राला तीन महिने उत्तर नव्हतं, अरुंद जागेची मापं आणि 17 गेटांचे फोटो जोडून दुसरं पत्र दिलं तेव्हा ज्युनियर इंजिनिअर स्वतः टेप घेऊन आले.

तुमच्या रस्त्याची मापं घेतलीत तर इथे खाली टाका, अरुंद जागेची रुंदी, गेटं किती आणि कुठल्या बाजूला, आणि बस स्टॉप कुठे आहेत एवढं पुरे, मी बसून तुमच्याबरोबर क्रॉस सेक्शन काढून बघतो.