रूफटॉप रेस्टॉरंटमध्ये आशियाई खायला पहिल्यांदा जाताय? सगळं एकदम मागवू नका

दोघं असाल तर आधी तीनच प्लेट सांगा: एडामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), ग्योझा (मोमोसारखा जपानी पदार्थ) आणि एखादं तळलेलं. सगळं एकदम आलं की वाऱ्यानं बाओ (सारण भरलेला वाफवलेला पाव) वरून कोरडा पडतो, टेम्पुरा (भज्यांसारखा जपानी तळलेला पदार्थ) दमट हवेत मऊ होतो. म्हणून तळलेलं आधी संपवा. ग्योझाच्या टोकाला छोटा चावा घेऊन वाफ जाऊ द्या, आतला रस चटका देतो. एडामामेची शेंग खायची नसते. दातांनी दाणे ओढून साल वाटीत टाका. शाकाहारी असाल तर फिश सॉस (माशांचा), ऑयस्टर सॉस (कालवांचा) आहे का हे विचाराच, भाज्यांच्या डिशमध्येही घालतात. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. ओळखपत्र जवळ ठेवा. बिलातला सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, नको असेल तर काढायला सांगा.