युद्धकाळात वैमानिक खरोखरच पुस्तके वाचत असत का?

होय, आणि आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक, कारण वैमानिकाचे युद्ध हे बरेचसे वाट पाहण्याचेच असे. १९४० च्या ब्रिटनमधील छायाचित्रांत जीवरक्षक जाकीट चढवलेले तरुण विमानांजवळ खुर्च्या टाकून वाचत बसलेले दिसतात. उड्डाणाचा आदेश आला की वाचन तिथेच थांबे.

अमेरिकेने १९४३ ते १९४७ या काळात सैनिकांसाठी १,३२२ पुस्तकांच्या बारा कोटींहून अधिक प्रती छापून फुकट वाटल्या. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मी त्यांतली एक हाताळली आहे: उंचीपेक्षा रुंदी जास्त, पानावर दोन स्तंभ, आणि गणवेशाच्या खिशात सहज मावेल असा आकार. (विक्रेत्याने सांगितलेली किंमत मात्र खिशात मावणारी नव्हती.)

तथापि मला सर्वांत मोलाचे वाटते ते युद्धकैद्यांचे वाचन. १९७१ च्या भारत-पाक युद्धात पकडले गेलेले भारतीय वैमानिक दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन सहकारी ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून निसटले, तेव्हा मार्ग ठरवण्यासाठी त्यांना शालेय नकाशासंग्रहाचा आधार होता. अफगाण सीमा जवळ आली असताना त्यांनी लंडी खाना या स्थानकाची चौकशी केली; ते स्थानक १९३२ मध्येच बंद झालेले असल्यामुळे स्थानिकांना संशय आला आणि तिघेही पुन्हा पकडले गेले.