पहाटे चारला येणारी गाडी

मावशी, आम्ही अमेरिकेत सेंट लुईसला राहतो. मुलगी १५ वर्षांची आहे. वर्षभर शाळा बुडवतेय, दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडलं, दोनदा रात्री घरातून निघून गेली. गेल्या महिन्यात तिच्या हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या. ह्यांच्या ऑफिसमधल्या एकाने इथे मिझुरीतच, खेड्याकडचं मुलींचं एक निवासी केंद्र सुचवलं आहे. एक ख्रिस्ती जोडपं ते चालवतं. प्रार्थना, शेतकाम, घोडे, कडक शिस्त. निदान एक वर्ष. पहिले तीन महिने फोन नाही, पत्रं ते वाचून मग पाठवणार. तिला काही न सांगता पहाटे चारला त्यांची माणसं गाडी घेऊन येतील आणि नेतील. आमच्या घरात रोज रामरक्षा होते, पण देव कुठलाही असला तरी त्याच्या सावलीत पोर सुधारेल, असं हे म्हणतात. आगाऊ पैसे भरलेत. माझी सही व्हायची आहे. काय करू?
– एक आई

अगं, मावशी म्हणालीस म्हणून एकेरीवरच येते. सही करू नकोस.

पत्रात तू व्हेप आणि ब्लेड एकाच दमात लिहिलंस. ती एका मापाची गोष्ट नाही. हातावर ब्लेड फिरवणाऱ्या पोरीला आतलं काहीतरी सोसवत नसतं आणि त्यातून घटकाभर सुटायला तिला तेवढीच वाट सापडलेली असते. तिला आधी डॉक्टर हवा. शिस्तीचं नंतर बघू.

मी १३ वर्षांची असताना वडिलांनी मला एका धार्मिक संस्थेच्या वसतिगृहात ठेवलं होतं. मी उलट उत्तरं द्यायला लागले होते, गणितात नापास झाले होते. संस्थेची माणसं सात्त्विक म्हणून पंचक्रोशीत नावाजलेली. रविवारी आम्हाला एकेक पोस्टकार्ड मिळायचं. आम्ही लिहायचं, बाईंनी वाचायचं, मग ते पेटीत पडायचं. त्या हिवाळ्यात पहाटे थंड फरशीवर गुडघे टेकून बसायची शिक्षा भोगून माझे गुडघे सोलवटले होते, खपली धरायच्या आत पुन्हा फुटायचे. आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीखाली, ती सव्वीस कार्डं सापडली. सगळ्यांवर माझ्याच अक्षरात एकच ओळ: ‘मी मजेत आहे, काळजी नसावी.’ आईने ती खरी मानली होती. मानणारच ना.

म्हणून तुझ्या पत्रातल्या ‘पत्रं ते वाचून पाठवणार’ या शब्दांपाशी मी अडले.

तुमच्या राज्यात याआधी काय घडलंय ते ह्यांना दाखव. मिझुरीत धार्मिक संस्था चालवत असलेल्या अशा केंद्रांना सरकारी परवाना लागतच नसे. २०२० मध्ये सर्कल ऑफ होप नावाच्या मुलींच्या रँचवरून सरकारने मुली बाहेर काढल्या. तेही चालवणारं एक धार्मिक जोडपंच होतं. त्यांची स्वतःचीच मुलगी तिथल्या मुलींच्या हकिकती लोकांपुढे मांडत होती. २०२१ मध्ये त्या दोघांवर मुलींच्या छळाच्या, आणि नवऱ्यावर लैंगिक अत्याचाराच्याही आरोपांचे खटले दाखल झाले. त्याच वर्षी राज्याने कायदा केला: अशा केंद्रांनी सरकारकडे नोंद करायची, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासून घ्यायची. परवाना आजही सक्तीचा नाही. पण आईबापांना, केंद्राला आगाऊ न कळवताही, आपल्या मुलीला भेटता आलं पाहिजे, हे त्या कायद्यात आहे. मग तीन महिने फोन नाही म्हणणारी ही माणसं कोण? त्यांना हेच विचार, आणि काय उत्तर देतात ते ऐक.

ही रीत जुनी आहे. टेक्सासमध्ये रेडिओवर प्रवचनं करणारे लेस्टर रोलॉफ १९६०च्या दशकापासून मुलींचं असं घर चालवत. मुलींना मारहाण होते अशा तक्रारी आल्या, सरकारने परवाना घ्या म्हटलं, तर देवाच्या कामाला सरकारचा परवाना कशाला म्हणत ते तुरुंगात गेले, पण परवाना घेतला नाही. माझ्या मते ज्याला मुलींचं भलं करायचंय त्याला कुणी येऊन बघण्याची भीती वाटू नये.

मी स्वतः वारी केलेली बाई आहे. श्रद्धेने माणूस तगतो हे मी घरात पाहिलंय, म्हणून ह्यांच्या मनातलं मला कळतं. पण वारीत कुणाला पहाटे दंडाला धरून नेत नाहीत गं. अंथरुणातून अनोळखी माणसं तिला उचलतील आणि दारात आईबाप उभे राहून बघतील, ते ती कुठल्या देवापाशी विसरेल?

आता काय करायचं ते. आज रात्री तिच्याजवळ बस आणि सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोरं मोकळी होतात. हो म्हणाली तर एकटी सोडू नकोस. ९८८ या आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनवर फोन कर, नाहीतर सरळ इमर्जन्सीत ने. घरातली औषधं, ब्लेडं कुलुपात ठेव. तिच्या बालरोगतज्ज्ञांना खुणांचं सांग आणि किशोरवयीनांसाठी डीबीटी (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारा मानसोपचार) करणारे थेरपिस्ट कोण आहेत ते विचार. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसाठी या उपचारावर चांगला अभ्यास झालेला आहे, आणि त्यात बहुधा आईबापांनाही शिकायला बसवतात. ह्यांनीही बसायचं. आठवड्यातून एकदा पुरत नसेल तर दिवसभर उपचार आणि रात्री घरी, अशी सोय असते. आणि डॉक्टरांनीच ठेवून घ्यायला सांगितलं, तर परवाना असलेली, मानसोपचारतज्ज्ञ असलेली, गाडीने जाता येईल अशी जागा बघा. तिथे ती तुझ्याशी एकटी बोलू शकते का, हे आधी विचार.

भरलेल्या पैशांचं दुःख मला समजतं. परत मागा. नाही मिळाले तर गेले. ह्यांच्याशी भांडू नकोस, तेही घाबरलेत. वरचा पोस्टकार्डांचा भाग तेवढा त्यांना वाचून दाखव. आणि उद्या ऑफिसला जायच्या आधी दोघांनी मिळून त्या केंद्राला फोन करा. गाडी पाठवू नका म्हणावं. तेच ईमेलवरही लिहून कळवा.

– मावशी