‘हापूसला पेटंट मिळालं’ हे बरोबर आहे का?

विचारणा अशी आहे: ‘हापूसला पेटंट मिळालं’ असं सर्रास ऐकू येतं, ते बरोबर का? आणि एकस्व, प्रताधिकार, मानांकन हे शब्द एकाच अर्थाचे का?

नाही. बोलण्यात पेटंट हा शब्द फार ऐसपैस झालाय. ‘हे काकांचं पेटंट वाक्य’ म्हणजे ठरलेलं, खास त्यांचं. तो वापर मला आवडतो. कायद्यातलं पेटंट मात्र फक्त नव्या शोधाला, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. त्याला मराठीत एकस्व म्हणतात. ‘सर्वस्व’मधला ‘स्व’ म्हणजे धन, तोच इथे. जखमेवर हळद लावण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेनं जुने ग्रंथ पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. आजी लावत आली तो शोध कसला!

हापूसचं तर याच्या अगदी उलट. २०१८ साली त्याला मिळालं ते भौगोलिक मानांकन. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याचा तो हक्क. कुणा एकाचं धन नाही, म्हणून एकस्व म्हणताच येत नाही. हा हक्क दुसऱ्याला विकताही येत नाही. ‘मानांकन’ हा शब्द मला थोडा खटकतो. टेनिसमध्ये ‘अग्रमानांकित’ म्हणतो तेव्हा क्रमवारी सांगतो. इथे क्रमवारी नाही, माल कुठला ते सांगायचंय. पण वर्तमानपत्रांनी तो रुळवलाय, आता वापरावा.

व्यापारचिन्ह म्हणजे दुकानाचं, मालाचं नाव किंवा खूण. नोंदणी १० वर्षांची, पुढे हवी तितक्या वेळा वाढवता येते.

राहिला प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट. यालाच स्वामित्वहक्कही म्हणतात. तो लिहिताक्षणी लागू होतो, नोंदणीची सक्ती नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून सर्वांना खुलं आहे. पुरणपोळीची कृती मात्र कुणाची होत नाही. ती ज्या शब्दांत लिहिली, तेवढे शब्द लिहिणाऱ्याचे. आणि कळकळीनं सांगतो, ‘प्रत्याधिकार’ लिहू नका. इथे ‘प्रति’ नाही, ‘प्रत’ आहे: प्रत काढण्याचा अधिकार.